वायपरच्या मोटरवरचा भीम

भीमाची गदा मिनिटाला पंचेचाळीस वेळा दुर्योधनाच्या मांडीवर पडत होती. मी मोजली होती. माझं वय तेव्हा दहा-अकरा, आणि नाशिकच्या भालेकर मैदानावर दोरीला पोट टेकवून उभं राहायची माझी जागा ठरलेली. मांडवात अंधार, भीमावर लाल फोकस, स्पीकरमधून खर्जातलं निवेदन. निवेदक सांगत होता की भीम धर्मसंकटात आहे, गदायुद्धात कमरेखाली वार करायचा नाही असा नियम आहे, आता काय होणार? इकडे भीमाने तोवर चाळीस-पन्नास वार करून घेतले होते. बाजूला श्रीकृष्ण स्वतःच्या मांडीवर थाप मारून खूण करत होता, पण त्याचा हात भीमाच्याच मोटरला सायकलच्या ब्रेकच्या तारेनं जोडलेला. त्यामुळे वार आधी आणि खूण मागून.

दहा दिवस, रोज चार तास. गुणाकार केला तर त्या दुर्योधनाने लाखावर फटके खाल्ले. गर्दी पुढे सरकत होती. कुणी थांबून बघत नव्हतं.

नाशिकला गणपतीत देखावे बघायला जायचं म्हणजे भालेकर मैदान टाळता येत नाही. शालिमारजवळचं, कालिदास कलामंदिराला लागून असलेलं हे मैदान. गल्लीबोळांतली, पेठांतली मंडळं वेगळी. इथे मायको, महिंद्रा अशा कारखान्यांतल्या कामगारांची मंडळं शेजारी शेजारी मांडव घालत आली आहेत. हा तपशील महत्त्वाचा आहे. पुण्यात हलते देखावे घडले ते मूर्तिकार आणि रंगाऱ्यांच्या हातून. नाशिकला त्यांच्या जोडीला फिटर, टर्नर आणि इलेक्ट्रिशियन आले. साठच्या दशकात सातपूरला औद्योगिक वसाहत झाली, 1964 मध्ये ओझरला मिग विमानांचा कारखाना आला, आणि द्राक्षांच्या, तीर्थाच्या या गावात मायक्रोमीटर हाताळणाऱ्या माणसांची एक पिढी तयार झाली. दिवसभर डिझेल इंजिनाचे सुटे भाग घासणारा माणूस संध्याकाळी हनुमानाच्या खांद्यात बेअरिंग बसवतो, तेव्हा तो छंद म्हणून बसवत असेल, पण ढिलं बसवत नाही.

भीमाच्या पाठीमागे, कापडी पडद्याआड, असेच एक फिटरकाका स्टुलावर बसलेले असत. मी धीर करून विचारलं, "काका, हा थांबत का नाही?"

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "अरे, हलवायला काय लागतं? कुणी पण हलवील. थांबवणं अवघड आहे, बाळा."

विषय थीम पार्कांमधल्या हलत्या-बोलत्या बाहुल्यांचा असला तरी या प्रकरणाला मी त्या वाक्यापासूनच सुरुवात करणार, कारण पुढे या कलेविषयी जे जे वाचलं त्याचा गाभा तिथेच सापडला.

आधी त्या मोटरकडे बघू. हलत्या देखाव्यांचा खरा नायक म्हणजे ट्रकच्या किंवा जीपच्या वायपरची मोटर. भंगारात स्वस्त मिळते, बारा व्होल्टवर चालते, म्हणजे मांडवात पाऊस गळला तरी शॉक बसायची भीती कमी. मोटरच्या दांड्यावर स्क्रूसारखे आटे असतात आणि ते एका दातेरी चाकाला फिरवतात. याला वर्म गिअर म्हणतात. त्यामुळे वेग एकदम उतरतो, ताकद वाढते, आणि एक फायदा फुकटात मिळतो: स्क्रू चाकाला फिरवू शकतो, पण चाक सहसा स्क्रूला फिरवू शकत नाही. वीज गेली तरी भीमाचा हात गदेच्या वजनानं खाली कोसळत नाही. भारनियमनाच्या काळात नाशिककरांनी अर्ध्या वाटेवर अडकलेल्या कितीतरी गदा, तलवारी आणि आशीर्वादाचे हात पाहिलेत.

मोटर गोल फिरते. हात मात्र वर-खाली व्हायला हवा. मग चाकाच्या कडेला एक दांडी जोडायची, दांडीचं दुसरं टोक हाताला. झाला क्रँक. काम सोपं, स्वस्त आणि खात्रीचं. पण क्रँकचा स्वभाव असा की त्याला विश्रांती ठाऊक नाही. टोकाला पोचता पोचता जरा मंदावतो आणि लगेच माघारी वळतो. सजीव प्राणी असं करत नाही. मांजर पंजा उचलते आणि तसाच धरून ठेवते. आजी बोलता बोलता हात वर करते आणि पुढचा शब्द सापडेपर्यंत तो हात हवेतच राहतो. आपल्या डोळ्यांना जिवंतपणा दिसतो तो बहुतेक या धरून ठेवलेल्या क्षणांत.

यंत्राला असा क्षण कसा द्यायचा? उत्तर बहुतेक घरांत होतं, आईच्या शिलाई मशीनमध्ये. पायट्याचं चाक अखंड फिरतं, पण सुईखालचं कापड अखंड सरकत नाही. सुई कापडात रुतलेली असताना कापड थांबतं, सुई वर आली की एक टाका पुढे जातं. ही किमया कॅमची. कॅम म्हणजे मुद्दाम वेडंवाकडं कापलेलं चाक. त्याच्या कडेवर टेकलेला दांडा उंचवटा आला की उचलला जातो, आणि कड जिथे केंद्रापासून सारख्या अंतरावर असते तिथे जागच्या जागी राहतो. म्हणजे चाकाच्या कडेला हालचालही कापून ठेवता येते आणि स्तब्धताही. जुन्या काळच्या घड्याळजींनी याच चाकांवर आख्खे तमाशे उभे केले. स्वित्झर्लंडच्या झाके-द्रोज कुटुंबाने 1774 च्या सुमारास दाखवलेला लाकडी मुलगा आजही दौतीत टाक बुडवतो, झटकतो आणि अक्षरं लिहितो. त्याच्या पाठीत कॅमची चळत आहे.

पण हे सगळं युरोपातून आलं असं समजायचं कारण नाही. अकराव्या शतकात धारच्या भोजराजाच्या नावावर असलेल्या 'समरांगणसूत्रधार' या वास्तुशास्त्रावरच्या ग्रंथात एक आख्खा अध्याय यंत्रांवर आहे. त्यात नाचणाऱ्या, वाद्य वाजवणाऱ्या बाहुल्या येतात, दारात उभे राहून येणाऱ्याला अडवणारे लाकडी द्वारपाल येतात. या द्वारपालांपेक्षा मला त्यातली चांगल्या यंत्राच्या गुणांची यादी मोलाची वाटते. यंत्राचा आवाज होऊ नये. आवाज करणं हेच काम असेल तर तो भरपूर व्हावा. सांधे दिसू नयेत. चाल अडखळू नये. लय आणि ताल सांभाळावा. हव्या त्या वेळीच काम करावं, आणि काम नसेल तेव्हा पुन्हा शांत स्थितीत यावं. हजार वर्षांपूर्वीच्या त्या लेखकाने हलण्याच्या गुणांत न हलण्याचाही गुण मोजलाय. नाशिकहून धार काही फार लांब नाही, आणि माझे फिटरकाका त्याच परंपरेतले असावेत असं मला उगाचच वाटत राहतं. यंत्रं प्रत्यक्ष कशी बनवायची ते मात्र ग्रंथात सांगितलेलं नाही. माहीत नाही म्हणून नव्हे, गुप्तता राखायची म्हणून, असा खुलासाही तिथे करून ठेवला आहे. वर्कशॉपमधली जुनी माणसं अजून असंच सांगतात.

टिपू सुलतानाचा यांत्रिक वाघ सर्वांना माहीत आहे. हँडल फिरवलं की वाघाखाली पडलेल्या गोऱ्या शिपायाचा हात वर-खाली होतो, तो विव्हळतो आणि वाघ गुरगुरतो. 1799 मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांनी तो लंडनला नेला. तंत्राच्या दृष्टीनं तोही क्रँकचाच भाऊ. हँडल थांबलं की सगळं थांबलं.

आता अमेरिकेकडे. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मोठ्या दुकानांच्या काचांमागे नाताळात हलत्या बाहुल्या मांडत. आपल्या देखाव्यांसारखंच, गर्दी जमवायला. 1933 च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात हलणारे डायनोसॉर आले. पण या प्रकाराला कलेचा दर्जा आणि नाव दिलं ते वॉल्ट डिस्नीनं. न्यू ऑर्लिन्समध्ये त्याला पिंजऱ्यातला एक यांत्रिक पक्षी मिळाला. त्यानं तो आपल्या माणसांना उघडून बघायला लावला. 1951 मध्ये त्यांनी बडी एब्सन या नटाला चौकटी आखलेल्या पडद्यापुढे नाचवून चित्रित केलं आणि त्यावरून वीतभर उंचीचा नाचरा बाहुला तयार केला. त्याच्या खाली कॅमचा ढीग. शिलाई मशीनच, पण जरा श्रीमंत.

कॅमची अडचण तिथे उघडी पडली. एका कॅममध्ये एकच गोष्ट कापता येते. गोष्ट बदलायची तर लोखंड पुन्हा कापा. आणि मोठ्या आकाराच्या बाहुल्याच्या प्रत्येक सांध्याला एक असे कॅम ठेवायचे कुठे? उपाय मिळाला ध्वनिफितीत. 1963 च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियाच्या डिस्नीलँडमध्ये पक्ष्यांचं एक दालन उघडलं. तिथे गाणं ज्या फितीवर होतं तिच्यावरच लोकांना ऐकू न जाणारे सूरही भरलेले होते. एखादा सूर आला की त्या सुराची धातूची पट्टी थरथरे, वीजजोडणी पूर्ण होई आणि हवेच्या दाबानं पक्ष्याची चोच उघडे. पहिल्यांदाच आवाज आणि हालचाल एकाच फितीवर आली. आमच्या मांडवात निवेदन कॅसेटवर आणि भीम मोटरवर, दोघांची ओळखदेख नाही. तिथे दोघांचं लग्न लावून दिलं होतं. डिस्नीने या तंत्राला 'ऑडिओ-ॲनिमेट्रॉनिक्स' म्हटलं.

पुढच्याच वर्षी, 22 एप्रिल 1964 रोजी, न्यूयॉर्कचं जागतिक प्रदर्शन उघडलं आणि तिथे इलिनॉय राज्याच्या दालनात अब्राहम लिंकन खुर्चीतून उठून उभा राहिला. चेहरा घेतला होता 1860 मध्ये लिंकनच्या हयातीतच त्याच्या तोंडावरून काढलेल्या साच्यावरून. पक्ष्यांना हवा पुरली होती. माणसाच्या वजनाला तेलाच्या दाबावर चालणारे सिलिंडर लागले. हालचाली भरण्यासाठी वॅथेल रॉजर्स नावाचा तंत्रज्ञ अंगावर पट्ट्या-दांड्यांचा सांगाडा चढवून बसे. तो मान वळवी, तशी लिंकनची मान वळे आणि ती नोंद फितीवर उतरे. काम सोपं नव्हतं. उद्घाटनाच्या सुमाराला राष्ट्राध्यक्षांना मध्येच झटके येत होते.

या प्रसंगाची वर्णनं वाचताना मला लिंकनच्या भाषणापेक्षा त्याआधीचं त्याचं बसणं जास्त महत्त्वाचं वाटतं. पडदा सरकतो तेव्हा तो बसलेला आहे. मग उठतो. ज्याला बसता येतं त्याच्या उठण्याला अर्थ येतो. आमचा भीम त्या वर्षी कधी गदा खाली ठेवून उभाच राहिला नाही, म्हणून त्याचा वारही कुणाला लागला नाही.

1967 मध्ये डिस्नीलँडमध्ये चाच्यांची प्रसिद्ध बोटसफर आली, 1971 मध्ये डिस्नीच्याच फ्लोरिडातल्या दालनात अमेरिकेचे सगळेच अध्यक्ष एकत्र उभे राहिले, पुढे पिझ्झाच्या दुकानांतही बाहुल्या गाऊ लागल्या. त्या विस्ताराची जंत्री देत बसत नाही. एक गोष्ट मात्र सांगायला हवी. जड हात जोरात उचलून झटकन थांबवला की तो पुढे जातो, मागे येतो, थरथरतो. हातगाडी एकदम थांबवली की वरचा माठ डुचमळतो तसं. त्यामुळे बरीच वर्षं या बाहुल्या सावकाश, जरा सुस्त हलत. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस डिस्नीच्या तंत्रज्ञांनी हाताला थोडं लवचीक राहू देणारी, पोचता पोचता आपोआप सावरणारी नियंत्रणपद्धत आणली. 1989 मध्ये फ्लोरिडात तिच्या बळावर एक चेटकीण अंगावर आल्यासारखी तडफेनं वळू लागली. म्हणजे चाळीसेक वर्षांच्या खटपटीनंतरही प्रश्न तोच होता: थांबवायचं कसं?

नाशिकला मात्र हा प्रश्न त्याच्या कितीतरी आधी, वेगळ्या वाटेनं सुटून गेला होता. त्र्यंबकेश्वरला 1870 मध्ये जन्मलेले दादासाहेब फाळके जादूचे प्रयोग करत, छपाई करत, आणि 1912 मध्ये विलायतेहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. भांडवल देणाऱ्यांना पटवण्यासाठी त्यांनी आधी कुंडीत वाटाणा पेरला. रोज थोडं थोडं चित्रण करून अंकुरापासून वेलापर्यंतची वाढ मिनिटभरात दाखवली. 1915 मध्ये आगकाड्यांना नाचवणारा लघुपट केला: काडी ठेवायची, एक चित्र घ्यायचं, काडी हलवायची, पुन्हा एक चित्र. 'राजा हरिश्चंद्र' गाजल्यावर 1913 मध्येच ते बिऱ्हाड घेऊन नाशिकला आले आणि पुढचे बरेच चित्रपट इथे घडले.

सिनेमाची फीत खिडकीपुढून सलग सरकत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. सलग सरकली तर पडद्यावर नुसता गढूळ पट्टा दिसेल. प्रत्येक चित्र खिडकीपुढे येऊन क्षणभर थांबतं, प्रकाश पडतो, मग झाकण फिरतं आणि त्या अंधारात पुढचं चित्र येतं. फिरत्या चाकाला असं टप्प्याटप्प्यानं अडवण्यासाठी प्रोजेक्टरमध्ये चार खाचांचं, फुलीच्या आकाराचं एक छोटं चाक असतं. आगकाड्यांचा नाच हा सगळा थांबण्यांचा बनलेला आहे. विसर्जनाची मिरवणूक वाकडी बारवेपासून निघते आणि दादासाहेब फाळके रोडवरून पुढे जाते, तेव्हा हलत्या देखाव्यांचे रथ नकळत एका जाणकाराच्या नावाखालून जात असतात.

आपल्याकडे आणखी एक मजेशीर प्रकार आहे: जिवंत देखावा. त्यात खरी माणसं असतात. पण संवाद आधी ध्वनिमुद्रित केलेले, आणि नट त्यावर ओठ आणि हात हलवतात. दर अर्ध्या तासाला तोच प्रयोग, तोच आवेश. यंत्राला माणूस करायचा खर्च झेपत नाही म्हणून माणसाला यंत्र करायचा हा मराठी उपाय. त्यातल्या पोरांना विचारा, सर्वांत अवघड काय? संवाद नव्हे. शेवटी दिवे जाईपर्यंत पुतळ्यासारखं उभं राहणं.

याच्या उलट टोकाला अर्धवटराव. यशवंत पाध्ये यांनी घडवलेला हा बोलका बाहुला रामदास पाध्यांनी घराघरांत पोचवला. त्याच्यात मोटर नाही. आत हात आहे. आणि त्याचे सगळे हशे तो बोलण्याआधी मान वळवून समोरच्याकडे बघत राहतो त्या क्षणात पिकतात. 1993 च्या 'झपाटलेला'मधला तात्या विंचूही पाध्यांच्याच हातचा. आमच्या पिढीला घाबरवलं ते त्याच्या धावण्यानं कमी, कपाटावर गप्प बसण्यानं जास्त.

आज खोपोलीजवळच्या इमॅजिकात, 2013 पासून, बोटीत बसून राजासॉरससारख्या डायनोसॉरच्या भेटीला जाता येतं. राजासॉरसची हाडं नर्मदेच्या खोऱ्यात, गुजरातेत सापडली आणि 2003 मध्ये त्याला हे नाव मिळालं. देशी जनावर जत्रेत आणलं हे मला फार आवडलं. मांडवांतही आता कॅसेट गेली, संगणकावरून क्रम भरता येणारे नियंत्रक आले, कारखान्यात काम करणाऱ्याला ते नवीन नाही. पोशाखाची जुनी युक्ती मात्र टिकून आहे. कोपराचा सांधा बाजूबंदाखाली, मानेचा सांधा कंठ्याखाली, खांद्याचा शेल्याखाली. पौराणिक देखावे इतके का होतात याचं अर्धं उत्तर भक्तीत आहे आणि अर्धं दागिन्यांत. शर्ट-पँटमधला समाजसुधारक हलवून बघा, म्हणजे कळेल.

भीमाचं पुढे काय झालं ते राहिलं. दुसऱ्या वर्षी मंडळाने तोच देखावा ठेवला, बहुधा पैशांअभावी. मी दोरीपाशी पोचलो आणि बघतो तर भीम गदा वर धरून उभा. वीज गेली म्हणावं तर फोकस चालू. निवेदक धर्मसंकटावर आला. श्रीकृष्णाने मांडीवर एक थाप मारली. एकच. भीम हलला नाही. माझ्या शेजारच्या बाईंनी कडेवरच्या पोराला घट्ट धरलं. आणि मग गदा खाली आली.

मैदानावर इतका आवाज असताना आमच्या त्या दोन-चार रांगांत कुणी काही बोललं नाही.

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी मी पडद्यामागे गेलो. फिटरकाका भीमाची पाठ उघडून बसले होते. त्यांनी मोटर माझ्या हातात दिली. जड होती, ग्रीसनं माखलेली. तिचं झाकण त्यांनी स्क्रूड्रायव्हरनं उचललं. आतल्या दातेरी चाकावर एक पितळी चकती होती आणि चकतीला एका जागी खाच.

"गाडीचा वायपर बंद केला तर काचेच्या मधोमध अडकतो का कधी?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हणालो.

"का? बटण बंद केलं तरी या चकतीतून करंट मिळत राहतो. फेरा पुरा होतो, खाच आली की करंट तुटला. घरी जाऊन बसतो तो. गेल्या वर्षी ही वायर मी तोडून टाकली होती. उगाच एक वायर जास्त वाटायची." ते हसले. "यंदा टायमर लावला. टायमर नुसतं बटण दाबतो. एक फेरा मारायचा आणि गदा वर धरून थांबायचं. कृष्णाला वेगळी मोटर दिली, बस."

त्यांनी दांडीची पिन काढली. आता हाताला धरून ठेवणारं काही उरलं नाही. भीमाचा हात एकदम खाली आला आणि गदा फळ्यांवर आपटली. रंगारी ओरडला, कारण गदा नवी रंगवलेली होती. दुर्योधनाचं मुंडकं आधीच पोत्यात गेलं होतं. धड तसंच ठेवायचं ठरलं, पुढच्या वर्षी त्याचा कंस करायचा होता.